साहेबांचं भाषण आणि मेन स्विच

काल मुलुंडला आमच्याकडे लाईट गेली. परत आली, तेव्हा संगणकावरचं माझं अर्धं पत्र जसंच्या तसं होतं. घरात कुणालाच नवल नाही! माझा मात्र जुना संताप उसळला.

ऐंशीच्या दशकात साकीनाक्याच्या आमच्या संगणक कंपनीत, संशोधन विभागातल्या नलिनीने लाईट गेली तरी टाईप केलेलं जपून ठेवणारा नेमका असाच प्रोग्रॅम लिहिला होता. साहेब पाच महिने तो बघायलाही तयार नव्हते. “लाईट जाणं हा काय संशोधनाचा विषय? परदेशात जाते का लाईट? महिनाअखेर हे बंद करा.”

मग एका दुपारी नलिनी साहेबांचं समारंभाचं भाषण टाईप करत होती, साहेब मागे उभे. शेवटच्या ओळीला मी खुशाल मेन स्विच ओढला. पंखे थांबले, स्क्रीन काळी.

“वाट लागली! माझं भाषण!”

मी स्विच वर केला. मशीन कुरकुरलं आणि भाषण हजर, फक्त शेवटची ओळ गेलेली.

साहेबांनी घाम पुसला. “हं. असंच व्हायला पाहिजे ना! यात कसलं संशोधन?”

शाबासकीचा एक शब्द नाही! मी भांडायला तोंड उघडलं, तोच नलिनी गोड हसली.

“असंच व्हायला पाहिजे ना सर? मग आजच सगळ्या मशीनवर घालते.”

साहेबांना नाही म्हणता येईना.