मिशीवाली पिन

फिटरला कुणी विचारलं, "काय हो, झाली का गाडी?" तर त्याचं उत्तर ठरलेलं असे, "झालीच. थोडं राहिलंय." हे थोडं नऊ वर्षं राहिलं होतं. तेवढ्या काळात समोरच्या शिंप्याच्या मुलीचं लग्न होऊन तिला दोन मुलं झाली, पण फिटरचं थोडं काही सरेना. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "ह्यांचं काम म्हणजे मारुतीचं शेपूट. बघावं तेव्हा वाढलेलंच."

गाडीही तशीच होती म्हणा. दोघांपुरती, उघडी, लांब नाकाची विलायती गाडी, फिटरच्या वडिलांच्या तरुणपणातली. बसल्याबसल्या हात खाली सोडून रस्त्यावरचा खडा उचलता यावा इतकी बुटकी. गॅरेजमागच्या शेडमध्ये पस्तीस वर्षं ताडपत्रीखाली पडून तिची रया गेली होती. लाकडी सांगाड्याला वाळवी लागलेली, सीटच्या चामड्यात उंदरांच्या कैक पिढ्यांची बाळंतपणं झालेली. फिटरनं सुताराला शेजारी बसवून सांगाडा नव्यानं जोडला. चाकांचा एकेक स्पोक टिचकी मारून, आवाज ऐकून ताणला. सीटखाली जुन्या हिरव्या रंगाचा एक कोपरा शाबूत सापडला, त्यावरून रंग जुळवून घेतला. कापडी छत दोनदा आखूड पडलं. दोन्ही वेळा बोलण्याच्या नादात टेपचं टोक फिटरच्याच हातून सुटलं होतं, पण दुसरं टोक बायकोनं धरलं होतं, त्यामुळे खापर कुणावर फुटलं हे सांगायला नको.

खरं तर गाडी दोन वर्षांपूर्वीच झाली होती. राहिली होती एक स्प्लिट पिन, करंगळीच्या पेराएवढी, आणि तिच्याबरोबर ताईला सांगायची एक गोष्ट. पिन बसवली की गाडी चालणार. गाडी चालली की स्टिअरिंगवर ताईला बसवायचं, हे फिटरनं पहिल्या दिवसापासून ठरवलेलं. आणि ती बसायच्या आधी ते सांगावंच लागणार. म्हणून फिटर आज बॉनेट पुसायचा, उद्या दाराची मूठ परत काढायचा, पण पिनेच्या वाटेला जायचा नाही. आता मात्र पळवाट उरली नव्हती. ताई येत्या गुरुवारी लेकीकडे कायमची राहायला जाणार होती, आणि लेकीचं गाव दोन दिवसांच्या प्रवासावर होतं.

ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. ही गाडी बाबांनी भंगार म्हणून आणली आणि दुरुस्त करून उभी केली, तेव्हा ती वीस-एकवीस वर्षांची होती. बाबांनी गाडी चालवायला आधी तिला शिकवलं, मुलाला नाही. का, तर तिला कान होता. अंगणात उभी राहून ती सांगायची, "बाबा, तिसरा प्लग चुकतोय," आणि तिसराच निघायचा. बाबा गिऱ्हाइकांना अभिमानानं म्हणायचे, "माझ्या मागं गॅरेज हीच चालवणार. हा बाळ्या फडकं मारायला बरा आहे." बाळ्या म्हणजे फिटर. त्याला हे लागायचं, नाही असं नाही. पण संध्याकाळी ताई गाडी काढायची, बाबा शेजारी बसायचे आणि बाळ्या मागच्या सामानाच्या फळीवर पाय दुमडून बसायचा. चढावर ताई गिअर बदलायची, वारा तोंडात शिरायचा, बाबा डोळे मिटून इंजिन ऐकायचे. तेव्हा मनातला राग कुठल्या कुठे जायचा. पुढं आयुष्यात त्यानं बऱ्या बऱ्या गाड्या चालवल्या, पण त्या सामानाच्या फळीची सर कशालाच आली नाही.

बाबांच्या कामात एक खूण असायची. स्प्लिट पिन भोकातून आरपार गेली की तिचे दोन पाय दुमडायचे, म्हणजे ती निसटत नाही. जग ते सरळ दुमडतं. बाबा मात्र पकडीनं दोन्ही पाय दोन बाजूंना गोल वळवायचे, मिशीला पीळ द्यावा तसे. "पिनेला मिशा फुटल्या की काम संपलं," म्हणायचे. ते जमायला त्यांचीच बोटं हवीत. बाळ्यानं कैकदा प्रयत्न केला आणि कैक पिना मोडल्या. शेवटी तो आपला एक पाय दुमडायचा आणि दुसरा छाटायचा. गॅरेजमधून गेलेल्या कुठल्याही गाडीची पिन बघून ताई सांगू शकायची, हे बाबांचं, हे बाळ्याचं.

आणि मग तो दिवस. बाबा सामान आणायला बाहेर गेले होते. बाळ्यानं सकाळी या गाडीच्या ब्रेकचं रबर बदललं होतं, एकट्यानं, पहिल्यांदा. दुपारी ताई गाडी घेऊन गेली. परतताना रस्ता गॅरेजच्या फाटकाकडे उतरतो, तिथं गाडी थांबली नाही. तशीच येऊन फाटकाच्या दगडी खांबावर आदळली. एक मडगार्ड चेपलं, दिवा फुटला, ताईचं मनगट मोडलं. ती एकच सांगत होती, "मी ब्रेक दाबला होता. पेडल खाली गेलं." बाबा आले, पाय न धुता गाडीखाली शिरले. बराच वेळ खालीच होते. बाहेर येऊन त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "ब्रेक ठीक आहे. घाबरून पाय चुकला असेल पोरीचा."

बाबांचा शब्द म्हणजे गॅरेजमध्ये काळ्या दगडावरची रेघ. ताई चार दिवस तेच सांगत राहिली, पाचव्या दिवशी गप्प झाली. बाबांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि मरेपर्यंत उचलली नाही. ताईनं पुन्हा कुठल्याच वाहनाला हात लावला नाही. टेलिफोन ऑफिसात नोकरी धरली, लग्न केलं, बसनं आली-गेली. गॅरेज बाळ्याकडं आलं आणि बाळ्याचा फिटर झाला. त्याची मुलं ताईला खांबआत्या म्हणत. खांबआत्या आली, खांबआत्या गेली. तीही हसायची. फिटर तर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

बाबा गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यानं ताडपत्री काढली. पायाखालची फळी उचलली आणि टॉर्च मारला. ब्रेकचं पेडल पुढच्या दांडीला जोडणारा आडवा खिळा जागेवर होता. त्यात गंजलेली पिन होती. आणि पिनेला मिशा होत्या.

त्या दिवशी ते काम त्यानं केलं होतं. मग पिन बाबांची कशी? विचार करता करता सगळं आठवलं. रबर बदलून झालं होतं, खिळा घातला होता, आणि तेवढ्यात रस्त्यात बंद पडलेला ट्रक ढकलायला कुणीतरी हाक मारली. परत येऊन त्यानं फळीचे स्क्रू आवळले आणि हात धुतले. पिन राहिली. पिनेशिवाय खिळा सरकत सरकत बाहेर येतो, मग पेडल कितीही दाबा, रिकामंच. बाबांनी गाडीखाली शिरून पडलेला खिळा उचलला, जागेवर घातला, स्वतःची पिन लावली. सवयीनं मिशाही काढल्या.

फिटरनं खिळा कापून, मिशा न मोडता ती पिन सोडवली आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत ठेवली. उद्या सांगू म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. दोन वर्षांपूर्वी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ताई स्वयंपाकघरात कप विसळत होती. तिथूनच म्हणाली, "बाळ्या, मागचा कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल पितोय रे." तीन दिवस खपून त्यानं दोन्ही जुळवले होते. परत बघितलं, तर मागच्याचा स्क्रू पाव आटा जास्तच उघडा होता. त्या दिवशी त्याला रडू आलं, आणि बायकोला त्यानं डोळ्यात पेट्रोल गेलं म्हणून सांगितलं.

जायच्या आधीच्या रविवारी ताई सकाळीच आली. फिटरनं गाडी अंगणात ढकलून ठेवली होती. हिरवा रंग उन्हात उठून दिसत होता. ताई गाडीभोवती एक फेरी मारून आली, नव्या सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुरेख झाली रे. बाबांनी बघायला हवी होती."

"एक पिन राहिलीय," फिटर म्हणाला. फळी उचललेलीच होती. "ब्रेकची. तुझ्या हातानं लाव."

"माझ्या? आणि मग खांबाचा विमा उतरवलायस का?" ती हसली. तो हसला नाही. त्यानं खिशातून डबी काढून तिच्या हातात दिली.

ताईनं चष्मा वर करून पिन डोळ्यांजवळ धरली. "ही बाबांची. बघ, मिशा कशा ताठ आहेत अजून. कुठली ही?"

"इथलीच. या पेडलची."

"या पेडलचं काम तर तू..." ती बोलता बोलता थांबली. तिला समजावून सांगायची गरजच नव्हती, गॅरेजमध्ये वाढलेली बाई ती. पिनेकडे बघितलं, पेडलकडे बघितलं, मग फाटकाकडे. खांबाला सिमेंटचं ठिगळ अजून तसंच होतं.

"मी विसरलो होतो, ताई. बाबांनी नंतर लावली."

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "गॅरेजचं नाव राहिलं म्हणायचं. ब्रेक उघडा सोडतात असं गावभर झालं असतं तर कुणी गाडी आणली असती?" आवाज अगदी साधा होता. "तुला कधी सापडली?"

हा प्रश्न येणार हे फिटरला माहीत होतं. "नऊ वर्षं झाली."

"बाबांनी पस्तीस वर्षं लपवून ठेवली आणि तू नऊ." ताई उठली. आता तिचा आवाज चढला. "मला स्वतःचं खरं वाटेनासं झालं होतं रे! जिना उतरतानासुद्धा मी पायाकडे बघते, चुकतोय का म्हणून. आणि तू इथं बसून रंग जुळवत होतास?"

फिटर खाली मान घालून उभा राहिला. नऊ वर्षं त्यानं या वेळेसाठी वाक्यं जुळवली होती, ती आता त्याला स्वतःलाच पोकळ वाटली.

"मी ब्रेक दाबला होता," ताई म्हणाली.

"हो."

"हो काय? नीट म्हण. वहिनी, तूही ये ग बाहेर, ऐकायला."

बायको पदराला हात पुसत दारात आली. फिटर म्हणाला, "ताईनं ब्रेक दाबला होता. चूक माझी होती." बायकोनं एकदा नवऱ्याकडे आणि एकदा नणंदेकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदाच तिला टोमणा सुचला नाही.

"आणि पोरांना फोन कर. आज, आत्ता. खांबआत्या कुणी म्हणायचं नाही."

त्यानं फोन केले, दोन्ही मुलांना, तिच्यासमोर उभा राहून. थोरल्याला आधी वाटलं बाप थट्टा करतोय, मग तो म्हणाला, "आत्याला द्या." ताईनं फोन घेतला नाही. ती तोवर पदर खोचून गाडीत वाकली होती.

बाबांची पिन तिनं डबीत परत ठेवली आणि नवी पिन स्वतःच घातली. पकड मागून घेतली, दोन्ही पाय सरळ दुमडले, घट्ट. फिटरला वाटलं, मिशा काढेल. तिनं नाही काढल्या. फळी लावली, स्क्रू आवळले, एकेक परत तपासला. ब्रेक पाच-सहा वेळा दाबून बघितला. मग स्टिअरिंगवर बसली आणि म्हणाली, "बस शेजारी."

फिटर बसला. बाबांच्या जागेवर तो पहिल्यांदाच बसत होता. फाटकातून बाहेर पडताना क्लच सोडण्यात एक हिसका बसला, चढावर दुसऱ्या गिअरला जरा कुरकुर झाली. पण वरच्या वळणापर्यंत तिच्या हातांना सगळं आठवलं होतं. वारा तोंडात शिरला, तोच तो. फिटरनं डोळे मिटून इंजिन ऐकलं, कारण उघडे ठेवणं त्याला जमत नव्हतं.

वरून तिनं गाडी वळवली. आता समोर उतार होता, खाली फाटक, फाटकाला खांब. गाडी वेग घेऊ लागली. फिटरची बोटं दाराच्या कडेवर आवळली. पिन तिनं लावली होती, त्यानं पाहिली होती, तरीही. खांबावरचं ठिगळ मोठं मोठं होत गेलं, आणि ताईनं ब्रेक दाबला.

गाडी थांबली. खांब आणि दिवा यांच्यात हातभर अंतर राहिलं. बायको अंगणात तोंडाला हात लावून उभी होती. इंजिन संथ चालू होतं, दोन्ही कार्ब्युरेटर एका लयीत.

फिटर हळूच म्हणाला, "ताई, सोड आता ब्रेक. आत घेऊ."

ताईचा पाय पेडलवर तसाच होता. ती खांबाकडे बघत होती.

"राहू दे जरा," ती म्हणाली. "थांबलेली बघू दे मला."