रंगाच्या टेबलावरची अर्धशिशी

आमच्या वहिनीचं डोकं दुखतं, हे कुणाला सांगायची सोय नाही. समोरच्याच्या तोंडात औषध तयारच असतं. आलं चघळा, पाय गरम पाण्यात ठेवा, चष्म्याचा नंबर तपासा, पोट साफ ठेवा. एका गृहस्थांनी तर सांगितलं, जास्त विचार करणं सोडून द्या. वहिनीनं अगदी शांतपणे विचारलं, "तुम्हाला कसं जमलं हो हे?"

ही माझी वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. आम्ही दोघी एकाच छापखान्यात कामाला आहोत. आमच्याकडे औषधांचे खोके छापतात, त्यात डोकेदुखीच्या गोळ्यांचेही आले. मी घड्यांच्या टेबलावर, म्हणजे छापून आलेला पुठ्ठा दुमडायचा नि गठ्ठे लावायचे. वहिनी रंगाच्या टेबलावर. फरक सांगते. माझं काम कुणालाही दोन दिवसांत येईल. तिचं काम शिकायला तिला सात वर्षं लागली. मशीनमधून पहिल्या काही शीट निघाल्या की त्यातली एक तिच्यासमोर येते. टेबलावर दिवसाच्या उजेडासारखा पांढरा एक खास दिवा आहे, त्याच्याखाली ती शीट नि नमुना शेजारी शेजारी ठेवते आणि बघते. रंग जुळला तर कोपऱ्यात सही. सही झाल्याशिवाय मशीन पुढे चालवायचं नाही, आणि रंग त्या दिव्याखाली सोडून दुसरीकडे कुठे बघायचा नाही. हे दोन नियम मशीनवाल्या काकांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना पाठ आहेत.

आता तिचं दुखणं. लोकांना वाटतं डोकं दुखतं म्हणजे डोकं दुखतं, त्यात काय सांगायचं? तिचं तसं नाही. आदल्या दिवशीच जांभया सुरू होतात. मान आखडते. उगाच चिडते, गोड खावंसं वाटतं. मग दुसऱ्या दिवशी नजरेत एक चकाकणारी नागमोडी रेघ उमटते, ती पसरत जाते आणि मधोमध भोक पडल्यासारखं काही दिसेनासं होतं. वीस-पंचवीस मिनिटांत ते जातं, की एका बाजूचं कपाळ ठोके देऊ लागतं. उजेड सहन होत नाही, कुकरची शिट्टी सहन होत नाही, फोडणीचा वाससुद्धा नाही. उलट्या होतात. कधी संध्याकाळी उतरतं, कधी दोन दिवस राहतं. उतरल्यावरही एक दिवस ती पिळून काढल्यासारखी वावरते.

हे सगळं मला आज इतकं नीट सांगता येतंय, म्हणून मी पहिल्यापासून शहाणी होते असं समजू नका. मी माझ्या आईच्या पंगतीत बसून तोंडसुख घेणाऱ्यांतली. आई म्हणायची, "ओल्या केसांनी फिरते, दुखणार नाही तर काय होणार?" मी त्याच्याही पुढे जायचे. माझा हिशेब सोपा होता. हिचं डोकं दुखतं कधी? रविवारी. नाहीतर घरी पाहुणे आले की. सगळे बाहेर गप्पा मारतायत नि ही आत पडदे ओढून, कपाळावर ओला फडका ठेवून पडलेली. घरात काम असलं की हिला बरं सुचतं, असं मला वाटायचं. जिभेला हाड नव्हतंच. एकदा मालकांनी सहज विचारलं, "तुमच्या वहिनी आज पुन्हा का आल्या नाहीत?" मी गठ्ठा बांधता बांधता म्हणाले, "नाटकं असतात हो तिची."

बोलून गेले आणि विसरले. मालक विसरले नाहीत.

वहिनी तेव्हा दर दोन दिवसांनी गोळी घेत होती. पर्समध्ये, डब्यात, उशीखाली, सगळीकडे गोळ्या. तरी दुखणं वाढतच चाललेलं. शेवटी तिनं मेंदूच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. भावाला सुट्टी मिळाली नाही म्हणून मला सोबत नेलं. खरं सांगायचं तर मी मजा बघायला गेले होते. डॉक्टर हिला सरळ करतील, असं मनात होतं.

डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. कधी, कुठे, किती वेळ, आधी काय दिसतं. हातापायांची ताकद बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली. मग म्हणाल्या, "ही अर्धशिशी आहे. मायग्रेन. घरात आणखी कुणाला आहे? आईला?"

"नाही," वहिनी म्हणाली. "आईचं डोकं कधी दुखायचं नाही. ती रुसायची फक्त."

"रुसायची म्हणजे?"

"महिन्यातून एक-दोनदा. दार लावून अंधारात पडायची. कपाळाला घट्ट ओढणी बांधून. जेवायची नाही, कुणी बोललेलं खपायचं नाही. आम्ही तिला रुसूबाई म्हणायचो..." आणि ती बोलता बोलता थांबली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या रुसत नव्हत्या."

वहिनीची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. वहिनी त्या खुर्चीत बसून रडली, आणि मी माझा रुमाल तिच्या हातात दिला.

मग त्यांनी समजावलं. हा मेंदूच जन्मतः जरा जास्त हळवा असतो, बहुतेक वेळा घराण्यातून आलेला. ते मूळ. जागरण, उपास, उग्र वास, लुकलुकणारा उजेड, पाळीच्या आधीचे दिवस, ताण, ताण संपल्यावरची सुट्टीसुद्धा, हे सगळे नुसते निमित्त. "एकटं जागरण कदाचित काही करणार नाही. एकटी भूकही नाही. पण दोघं-तिघं एकाच दिवशी जमले की झालं."

"म्हणजे सासरच्या माणसांसारखं," वहिनी नाक पुसत म्हणाली. "एकेकटी सगळी चांगली असतात."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून हसल्या. मला हसावंच लागलं. पुढे मात्र त्यांनी गोळ्यांवरून चांगलंच झापलं. साध्या गोळ्या सारख्या घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही म्हणजे नाही. एक रोजची गोळी दिली, दुखणी कमी व्हावीत म्हणून, आणि एक दुखायला सुरुवात झाल्या झाल्या घ्यायची. आणि हेही बजावलं की कधी एकदम, आजवर झालं नाही इतकं भयंकर दुखलं, बोलताना जीभ अडखळली, हात किंवा पाय लुळा पडला, किंवा ताप येऊन मान ताठली, तर अर्धशिशी म्हणून घरात पडून राहायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं. "आणि तीन महिने सगळं लिहून काढा. काय खाल्लं, कधी झोपलात, कधी दुखलं."

वहिनीनं रद्दीतल्या खोक्यांच्या पाठीवर लिहिलं. तीन महिन्यांनी तिनं ते पुठ्ठे जमिनीवर मांडले आणि मला बोलावलं, "वन्सं, या इकडे." मी लहान असून ती मला वन्सं म्हणते, निव्वळ थट्टेनं. मी वाचत गेले. ओल्या केसांचा काही संबंध नव्हता. आईनं दहा वर्षं उगाच केसांवर खापर फोडलं. रविवारी का दुखायचं? आठवडाभर पाचला उठणारी बाई रविवारी नऊपर्यंत झोपायची आणि सकाळचा चहा दहाला घ्यायची, ते त्या डोक्याला चालत नव्हतं. छापखान्यात रोलर थिनरनं धुतात त्या दिवशी दुखायचं आणि जेवण चुकलं त्या दिवशी. मशीनवरची ट्यूबलाईट फडफडायला लागल्यापासून जास्त.

आणि पाहुणे. पाहुणे आलेल्या पाचही तारखांपुढे एकच गोष्ट लिहिलेली होती: जेवण तीन वाजता, साडेतीन वाजता, सव्वातीन. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती शेवटी जेवायची. मी पहिल्या पंगतीत जेवून बाहेर तिची टिंगल करत बसलेली असायचे तेव्हा ती आत उपाशी उभी असायची. मला तो पुठ्ठा हातात धरवेना. पण मालकांना काय बोलून ठेवलंय, हे मी तिला तरीही सांगितलं नाही. धीर झाला नाही.

त्यानंतर तिची दुखणी निम्म्यावर आली. निम्म्यावर, संपली नाहीत. आणि जे व्हायचं ते नेमकं मोठ्या कामाच्या दिवशी झालं.

एका कंपनीचे पिवळे खोके होते. आदल्या दिवशी मालकांनी तिला साडेतीनपर्यंत जेवायला सोडलं नव्हतं, सकाळी रोलर धुतलेले, वर ती ट्यूब. अकराच्या सुमाराला पहिली शीट आली. वहिनीनं ती दिव्याखाली ठेवली आणि पेन खाली ठेवलं.

"मला आत्ता दिसत नाहीये," ती मालकांना म्हणाली. "डोळ्यांसमोर रेघ आलीय. मी गोळी घेऊन कागदाच्या खोलीत अंधारात पडते. दोन तास द्या, मग बघून सही करते."

मालकांच्या केबिनमध्ये कंपनीची माणसं बसली होती. त्यांना दोन तास म्हणजे दोन जन्म वाटले. ते ती शीट उचलून केबिनमध्ये घेऊन गेले, तिथल्या पिवळ्या दिव्याखाली धरली, म्हणाले "झकास आहे," आणि स्वतः सही ठोकली. मशीनवाल्या काकांनी नाइलाजानं मशीन सुरू केलं. पिवळ्या दिव्याखाली पिवळा रंग बघणं म्हणजे आंधळ्यानं आरसा बघणं, हे आमच्याकडे कालचं पोरही सांगेल. पण मालकांना कोण सांगणार?

आठ दिवसांनी सगळा लॉट परत आला. रंग हिरवट होता.

आणि दुसऱ्या दिवशी मालकांनी वहिनीला केबिनमध्ये बोलावलं. मलाही. टेबलावर एक टाईप केलेला कागद. तब्येतीच्या कारणास्तव मी स्वखुशीने घड्यांच्या टेबलावर बदली मागते आहे, खाली तिचं नाव, सहीसाठी जागा. सात वर्षांचं काम एका ओळीत पुसायचं होतं.

"तुमच्याच भल्यासाठी आहे, बाई," मालक म्हणाले. "तुम्ही जागेवर असतात तर हे झालं नसतं."

"मी दोन तास मागितले होते."

"रोज नवं कारण. आणि हे मी एकटा म्हणत नाही." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमच्या घरचीच माणसं सांगतात, नाटकं आहेत म्हणून. विचारा यांना."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. नाही म्हटलं असतं तर सुटले असते, मालकांकडे पुरावा थोडाच होता.

"म्हणाले होते," मी म्हणाले. "खोटं बोलले होते. मला काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. तो आजार आहे. तिच्या आईला होता, तिला आहे. तिनं तीन महिने लिहून काढलंय, मी वाचलंय."

वहिनीनं कागद उलटा करून मालकांकडे सरकवला.

"मला दिसत नव्हतं, तेव्हा मी दिसत नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "तुम्हाला दिसत नव्हतं, तेव्हा तुम्ही सही केलीत. आता ठरवा, टेबलावरून कुणाला उठवायचं ते."

मालकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आवाज खाली ठेवा."

"खालीच आहे. मोठ्या आवाजानं माझं डोकं दुखतं." आणि ती बोटं मोजायला लागली. "मी रोज एकला जेवणार, मशीन बंद असो की चालू. ती ट्यूब बदला. रोलर धुताना दारं उघडी ठेवा, त्या वासानं सगळ्यांचंच डोकं उठतं, बाकीचे बोलत नाहीत एवढंच. आणि रेघ आली की मला दोन तास. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. सात वर्षांत माझ्या सहीची एक शीट परत आलेली दाखवा, मी आत्ता या कागदावर सही करते."

मालकांनी दाखवली नाही, कारण नव्हतीच. "बघू," म्हणाले. मालक लोकांचं "बघू" म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. पण ती बाहेर आली ती सरळ रंगाच्या टेबलावर जाऊन बसली, आणि तिला तिथून उठवायला कुणी आलं नाही. दोन दिवसांनी ट्यूब बदललेली दिसली.

माझ्याशी ती चार दिवस बोलली नाही. मी डबा पुढे केला की स्वतःचा उघडायची. पाचव्या दिवशी मीच म्हणाले, "वहिनी, शिव्या दे हवं तर."

"शिव्या देऊन काय मिळणार?" ती म्हणाली. "तुझं ते एक वाक्य मला टेबलावरून उठवणार होतं. ते मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस. आता रविवारी पाहुणे येतायत, माहीत आहे ना?"

"हो."

"मी एक वाजता जेवणार. सगळ्यांच्या आधी. वाढायचं तू."

रविवारी ती सातलाच उठली. बारापर्यंत स्वयंपाक झाला. पाहुणे बाहेर बसले होते, आई पानं घ्यायला सांगत होती. एक वाजला तशी वहिनी हात धुऊन आली आणि सगळ्यांसमोर, टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसली. मी तिला वाढलं. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भाऊ उठला आणि पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवून परत जागेवर बसला.

पाहुण्यांतले काका जरा खाकरले. "सूनबाई," ते हसत म्हणाले, "आमच्या आधीच?"

"हो," वहिनी म्हणाली, आणि आणखी वाढायला ताट माझ्यापुढे केलं.