स्नेहलच्या हळदीतला माझा ब्लूटूथ स्पीकर

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मेहकरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. लिंबातून 'रक्त' काढणं, जिभेवर पेटता कापूर ठेवणं... हे प्रयोग मी गावोगावी करून दाखवलेत आणि त्यामागचं रसायनही सांगितलंय. आमच्या घरात बुद्धवंदना होते, पण भूत, बाहेरचं, अंगात येणं यांना उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. तरीही लिहितोय, कारण बायको म्हणाली, "दुसऱ्यायचं खोटं पाडत फिरता, आता सोताचं सांगा ना!"

गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. ठिकाण बीबी, माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. वेळ दुपारी चारची, लख्ख ऊन. ताईच्या एकुलत्या एका मुलीची, स्नेहलची हळद होती.

आमच्या नात्यात हळद म्हणजे ताईचं गाणं. ते कुठं लिहिलेलं नाही, ती जागच्या जागी रचते. नवरीचं नाव घालते, आणि नवरीच्या मामाची चांगली फजिती करते. मामाची खेचली नाही तर बायांना हळद झाल्यासारखी वाटतच नाही. पण या हळदीच्या वर्षभर आधी ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. नुसती कुजबूज उरली. यापुढं एवढाच आवाज, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सगळ्या भाच्या-पुतण्यांच्या हळदीत गायली, आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी ही गत! ती मला म्हणाली, "माह्या पोरीची हळद मुकी जाईन रे."

ते ऐकून मला राहवेना. माझ्या मोबाईलमध्ये ताईचं एक गाणं होतं — माझ्या मुलीच्या, मयुरीच्या हळदीतलं. त्यात नाव मयुरीचं, आणि फजिती माझ्या मेव्हण्याची. पण आवाज तर ताईचा होता! नवा ब्लूटूथ स्पीकर घेतला, घरी लावून पाहिला. एकदम स्वच्छ. स्नेहलला यातलं काही सांगायचं नाही, असं मी, बायको, ताई आणि भाऊजी, चौघांनी ठरवलं.

स्नेहल विहारात वंदनेला गेली तेव्हा मी स्पीकर अंगणात मांडला आणि गाणं लावलं. काय सांगू... नुसती खरखर! मध्येच आवाज तुटायचा, मध्येच डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा.

भाऊजी म्हणाले, "मास्तर, तुमची ताई गाऊन राह्यली का कोणी भजे तळून राह्यलं?"

मी म्हटलं, थांबा, ही विज्ञानाची बाब आहे. जोडणी काढून पुन्हा जोडली. 'मीडिया ऑडिओ' चालू आहे का पाहिलं, होता. बॅटरी सेव्हर बंद केला. हातातल्या घड्याळाचं ब्लूटूथ तोडलं. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन उघडले, आवाजाचा कोडेक बदलला. मोबाईलचं कव्हरसुद्धा काढलं. खरखर जशीच्या तशी. तेवढ्यात स्नेहल आली, पाटावर बसली, बाया गोळा झाल्या. ताई हळदीची वाटी घेऊन माझ्याकडं बघत होती, आणि मी अजून सेटिंगच चाळत होतो.

शेवटी मला वाटलं, एवढ्या पन्नास मोबाईलांची गर्दी आहे, त्यांचाच अडथळा होत असेल. मी मास्तरी आवाजात हुकूम सोडला, "सगळ्यांनी आपापले मोबाईल पूर्ण बंद करा!"

"काऊन जी? परीक्षा हाय का?" एक म्हातारी म्हणाली. पण सगळ्यांनी बंद केले. फोटोवाला मोबाईलवरच फोटो काढत होता, त्याचासुद्धा मी बंद करायला लावला. मग माझाही रीस्टार्टला टाकला.

आणि गाणं सुरू झालं.

खणखणीत, पूर्वीसारखं. अंगण भरून गेलं. बायांनी टाळ्यांचा ठेका धरला, ताई पुढं वाकून लेकीच्या गालाला हळद लावत होती, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो — बघा, अडथळाच होता! मग स्पष्ट ऐकू आलं... "स्नेहल". मयुरी नाही, स्नेहल. आणि पाठोपाठ,

"मामानं आणला डब्बा गं बाई, डब्ब्याले नाही घसा!"

बाया हसून हसून लोटपोट. मीही हसलो. आणि हसता हसता हातातल्या मोबाईलकडं पाहिलं. पडद्यावर अजून कंपनीचं चिन्हच फिरत होतं. स्पीकरचा निळा दिवा लुकलुकत होता, म्हणजे तो कशालाच जोडलेला नव्हता. गाणं पुढं पाच-सात मिनिटं चाललं. मोबाईल सुरू झाला तरी त्यात पिन टाकायचंही मला सुचलं नाही.

नंतर मी रीतसर चौकशी केली. भाऊजी म्हणतात आवाज स्पीकरमधून आला. बायको म्हणते पाटाकडून आला. शेजारच्या काकू म्हणतात ताईचे ओठ हलत होते, पण गाणी चालू असली की ते एरवीही हलतातच. ताईला विचारलं तर तिनं नुसते खांदे उडवले. पुढच्या महिन्यात मीच तिला डॉक्टरांकडं नेलं. गळा होता तसाच, आवाज तेवढीच कुजबूज. पुरावा म्हणाल तर एकही व्हिडिओ नाही. पन्नास मोबाईल होते हो तिथं, आणि ते सगळे बंद करायला लावणारा विज्ञानाचा शिक्षक मीच! वर्गातल्या पोरांनी असं केलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं.

दुसऱ्या कुणाचा तरी मोबाईल चालू राहिला असेल, हेही धरून पाहिलं. पण ते गाणं त्याआधी कुणी गायलंच नव्हतं, तर त्याच्याकडं येईल कुठून? इथं मी हार कबूल करतो, आणि खरं सांगू का, फार वाईटही वाटत नाही.

स्पीकरवर ताईचं जुनं गाणं लावायचा बेत होता, हे स्नेहलला आम्ही कुणीच आजवर सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सासरी निघताना ती ताईच्या गळ्यात पडली, मग एकदम बाजूला होऊन काळजीनं म्हणाली, "आई, काल एवढं गायली तू... दुखला नाही ना गळा?"

ताईनं तिचे डोळे पुसले. मी अगदी जवळ उभा होतो म्हणून ऐकू आलं. "नाही बाई," ती कुजबुजली, "लय बरं वाटलं."