वायसरांचा ड्राफ्ट

वरवट बकालपासून थोडं आत असलेल्या एका गावात शकूरमिस्त्री फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. बीटी कपाशी आली तेव्हा लोक त्याला म्हणत, "आता फवाराच लागत नाही, दुसरा धंदा पाह्य." बोंडअळी कमी झाली खरी, पण मावा-तुडतुडे असे वाढले की श्रावणात त्याच्या दुकानापुढे गळक्या पंपांची रांग लागायची. पंप गळला की औषध पाठीवर ओघळतं आणि कातडी सोलून निघते.

एका साली इकडे मिळणारे पंपाचे रबरी वायसर औषधानं फुगून निकामी व्हायला लागले. पंपाच्या खोक्यावर गुजरातेतल्या कारखान्याचा पत्ता होता. बाहेरून दिसू नयेत म्हणून शकूरनं कार्बन पेपरात नोटा गुंडाळल्या, वायसर मागवणाऱ्या चिठ्ठीसोबत लिफाफ्यात घातल्या आणि पाठवून दिल्या. काही दिवसांनी कार्ड आलं : चिठ्ठी मिळाली, पैसे नाहीत.

"साध्या टपालात नोटा घालायला मनाई आहे, शकूरभाई," पोस्टमास्तर रमाकांत म्हणाले. "आता तक्रार तरी कशाची लिहू? मनीऑर्डर करायची होती."

त्यानं मनीऑर्डर केली. पैसे पोचल्याची सही परत आली, माल काही येईना. शेवटी त्यानं वरवटच्या एसटीडी बूथवरून फोन लावला.

"मनीऑर्डर की चिट मराठी में थी, पढ़नेवाला आदमी छुट्टी पर था," पलीकडचा माणूस म्हणाला. "रसीद की नकल भेजो, ढूँढते हैं. माल जल्दी चाहिए तो कंपनी के नाम ड्राफ्ट भेजो."

"व्हीपी कर दो ना. पार्सल आते ही पोस्ट में पैसा भर दूँगा."

"व्हीपी बंद है. लोग छुड़ाते नहीं."

शकूर बँकेत गेला. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "खातं आहे?"

"नाही. नगद देतो ना, साहेब."

"खातं नाही तर ड्राफ्ट नाही."

खातं काढायचं तर ओळख देणारा हवा, आणि त्याचंही खातं त्याच शाखेत हवं. घरी येऊन शकूरनं हातातला पाना भिंतीवर फेकला. "पैसे माह्या हातात हायेत, अन् कोनी घेऊन नाही राह्यलं!"

त्याची बायको अजीजुन्निसा म्हणाली, "आमच्या बचत गटाचं खातं हाये ना त्याच बँकेत. पुष्पाबाईनं पापडाच्या मशीनचा ड्राफ्ट तिथूनच काढला होता."

गटाच्या अध्यक्ष पुष्पाबाई दुसऱ्याच दिवशी सोबत आल्या. शकूरचे पैसे गटाच्या खात्यात भरले आणि त्याच कारकुनानं कारखान्याच्या नावाचा ड्राफ्ट काढून दिला, वर दोन तिरक्या रेघा मारून.

"आता हा कोनाच्या हाती लागला तरी त्याले वटवता येत नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. "हरवला तर नंबर सांगून अर्ज करायचा. बँक दुसरा देते. नंबर घरी लिहून ठेवजा."

"काल मी काय चोर होतो का?" शकूर कारकुनाला म्हणाला.

ड्राफ्ट आणि मनीऑर्डरच्या पावतीची नक्कल त्यानं रजिस्टर टपालानं पाठवली. दोन्ही पैशांचा माल एकदमच आला, एक वायसर कमी नाही. पण तोवर दसरा उलटला होता. काही गिऱ्हाइकांनी शेगावहून नवे पंप आणले होते. कडूबा या जुन्या गिऱ्हाइकाला ते जमलं नव्हतं. त्यानं गळक्या पंपानंच फवारा मारला होता.

शकूर वायसर घेऊन त्याच्या घरी गेला. कडूबा उघड्या अंगानं पालथा पडला होता, पाठीवर काळे चट्टे.

"कपाशीची येचाई सुरू झाली, मिस्त्री," तो म्हणाला. "आता काय फवारू?"

शकूरनं अंगणातच बसून पंप खोलला, नवा वायसर घातला, पाणी भरून पाहिलं. थेंब गळला नाही. शकूरला त्या न गळण्याचाच जास्त राग आला.

उन्हाळ्यात पुष्पाबाईंनी ओळख दिली आणि शकूरचं खातं निघालं. उरलेले वायसर पुरणारे नव्हते, म्हणून यंदा पेरणीआधीच नव्यांचा ड्राफ्ट पाठवायचा असं त्यानं ठरवलं होतं. कारकुनानं फॉर्म पुढे सरकवला. शकूरनं सही इतकी दाबून केली की ती खालच्या कागदावर उठली.