ती शिवी माझी होती

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत उन्हाला पाय पसरून बसलो होतो. "काका, पप्पा गेले… सकाळी चहा मागितला, आणि मम्मी चहा घेऊन येईपर्यंत…"  मी "अच्छा" म्हणालो. दिल्लीत जन्म काढल्यावर धक्क्यालाही तोंडातून हाच शब्द निघतो. तिचे पप्पा म्हणजे मधुकर गजभिये, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मयूर विहारमध्ये त्याची सोसायटी आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. आम्ही एकाच सरकारी खात्यात नोकरी केली. तो खात्याच्या फुटबॉल टीमचा हाफ-बॅक, मी टीमचा मॅनेजर.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीला, सोसायटीचा हॉल भरला होता. पंचशील सुरू झालं तसा मीही हात जोडून उभा राहिलो. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझे ओठ हलले नाहीत. मग ऑफिसातले एक जुने सहकारी बोलायला उठले. प्रेमानंच बोलले. "गजभियेसारखा हाफ-बॅक आपल्याकडे पुन्हा झाला नाही. तोंड तेवढं आवरायला हवं होतं. रेफरीला ती शिवी दिली नसती, तर टीम अशी बुडली नसती…" लोक हळहळले. पहिल्या रांगेत मधुकरच्या बायकोनं, सुजातावहिनींनी, मान खाली घातली. मी त्यांच्या मागेच होतो. उठून एक वाक्य बोलायचं होतं. उठलो नाही. ते वाक्य आता इथे लिहितो. ती शिवी मधुकरनं दिली नव्हती. मी दिली होती.

मधुकर नागपूरहून खेळाडूंच्या कोट्यातून आमच्या खात्यात लागला. त्याचा थ्रो-इन लांब जायचा, थेट गोलच्या तोंडाशी. त्यासाठी चेंडू कोरडा लागे. म्हणून लाल काठाचा एक पंचा मी बेंचवर हातात धरून बसायचो. थ्रो मिळाला की तो धावत यायचा, "सर, पंचा!" म्हणायचा, चेंडू पुसायचा, पंचा माझ्याकडे फेकायचा. टीममध्ये मराठी आम्ही दोघंच. बाकीचे चिडवायचे, "लो, मराठा मंडल की मीटिंग शुरू!"

पण टीम उतरणीला लागली होती. नवी भरती बंद, निम्मे खेळाडू तिशीपार, सरावाला सुट्टी मिळेना. त्या दिवशीचा सामना हरलो तर लीगच्या खालच्या विभागात जाणार होतो. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना रेफरीनं आमचा गोल नाकारला. पुढच्याच मिनिटाला मधुकर थ्रोसाठी माझ्याजवळ आला. चेंडू पुसत होता. आणि त्याच्या खांद्यामागून मी ओरडलो. आईवरची, अस्सल मराठी शिवी. दिल्लीत कोण समजणार, असा माझा हिशेब असावा. रेफरी फौजेतला, बरीच वर्षं पुण्यात काढलेला. तो गर्रकन वळला. त्याच्यासमोर हातात चेंडू घेतलेला मराठी खेळाडू होता. त्यानं लाल कार्ड काढलं. मधुकरनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पंचा माझ्या हातात दिला आणि बाहेर गेला. त्या दिवशी तो फेकला नाही, हातात दिला… आम्ही हरलो.

पंधरा दिवसांनी क्रीडा समितीची बैठक झाली. विषय होता, टीम खाली का गेली. भरतीचा मुद्दा निघाला, सुट्टीचा निघाला. अध्यक्ष सगळे मुद्दे झटकून टाकत म्हणाले, "असली बीमारी डिसिप्लिन की है. गजभिये को बुलाओ." तो आत आला. बसायला कुणी सांगितलं नाही.

"गाली तुमने दी?"

"नहीं सर."

"तो किसने दी? तुम्हारे भूत ने?" कुणीतरी हसलं.

मधुकर म्हणाला, "मॅनेजर सर को पूछिए. सर वहीं थे."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या बढतीची फाइल त्याच अध्यक्षांच्या टेबलावर होती. दिल्लीतल्या मराठी मंडळात मी मुलांना श्लोक शिकवायचो. माझ्यासारख्याच्या तोंडून असलं काही निघेल हे त्या खोलीत कुणाच्या मनातही आलं नाही. नागपूरच्या वस्तीतून आलेल्या गजभियेच्या तोंडून ते निघालं असेल, हे मात्र सगळ्यांना सहज पटलं होतं. हा आधार मला मिळतो आहे हे मला कळत होतं, आणि मी तो घेतला. म्हणालो, "शोर बहुत था. मैंने कुछ सुना नहीं."

शिक्षा तिथेच ठरली. दोन वर्षं खेळायला बंदी आणि सर्व्हिस बुकात ताकीद. तो एकतीसचा होता, तिथेच त्याचा खेळ संपला. टीम पुढच्या दोन हंगामांत मोडली. त्या बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिलं. अक्षर चांगलं म्हणून.

निवृत्तीनंतर आम्ही शेजारी झालो. मेट्रो स्टेशनच्या खाली भाजीवाल्याकडे भेटायचो. त्याच्या खांद्यावर तेव्हाही पंचा असे. एकदा धीर करून म्हणालो, "मधुकर, ते त्या दिवशीचं…" त्यानं मटार निवडता निवडता मागे पाहिलं. "सर, आता नको. ही येतेय." मला वाटलं, सुटलो.

गेल्या आठवड्यात इथपर्यंतचा हा लेख घेऊन वहिनींकडे गेलो आणि पूर्ण वाचून दाखवला.  त्या पंख्याकडे बघत म्हणाल्या, "ते म्हणायचे, मी नाही दिली. मी विचारायची, मग कुणी दिली? त्यावर गप्प. मला वाटायचं, खोटं बोलतायत… घरात जरा आवाज चढला की मी म्हणायची, ह्याच तोंडानं टीम घालवलीत. पल्लवीसमोरसुद्धा म्हटलंय. हसायचे आणि बाहेर जायचे."

हे मला माहीत नव्हतं. मी त्याचा खेळ घेतला एवढंच धरून चाललो होतो.

"वहिनी, त्याचं नाव बदलून छापू का?"

"का म्हणून?" त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या. "त्यांचंच तर नाव खराब केलंत ना? छापा. तुमचंही घाला खाली."

मी तोंड धुवायला बेसिनपाशी गेलो. बाजूच्या खिळ्यावर लाल काठाचा पंचा होता, धुऊन, घडी घालून. वहिनी बाहेरून म्हणाल्या, "तोंड पुसा त्याला. रोज बदलते मी, अजूनही."

मी त्याला हात लावला नाही. ओल्या तोंडानंच जिना उतरलो.