ज्याचे पाय बसतील त्याची फेरी

"सीट मागं घ्या!"

"मागं पेट्रोलची टाकी हाय, भाऊ. टाकीवर बसता का?"

दुपारपासून हेच चाललेलं. हिवरखेडच्या आमच्या कापसाच्या गोदामाच्या दारात, शेताकडे तोंड करून, आम्ही घरी बांधलेलं एकाच माणसापुरतं विमान उभं. आत माझे दीर वामनभाऊजी, गुडघे हनुवटीला लावून अडकलेले. बाहेर चांदूर बाजारचे वेल्डर रशीदभाई, हातात पाना.

उडवायचं नव्हतंच. रिकाम्या शेतात नुसतं पळवायचं होतं. रशीदभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ज्याचे पाय बसतील, पयली फेरी त्याची." भाऊजींनी मग परस्परच ठरवून टाकलं: ते बसणार, वैनी, म्हणजे मी, पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करून देणार!

घरी विमान बांधायला घेतलं की किस्से पत्र्याच्या कातरणांसारखे साचतात. कितीही झाडा, पायाखाली एक सापडतोच.

विमानाचा नकाशा इंग्रजीत होता. तो मी वाचला. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शब्दकोश उशाशी घेऊन. भाऊजी म्हणाले, "वैनी, तुमाले काय समजते त्यातलं?"

"तुमाले समजत नाई तेवढं सगळं!"

सांगाडा उभा राहिला तशी पूजा झाली, नारळ फुटला. तेव्हापासून गोदामात चपला बंद. त्यामुळे भाऊजींच्या पायांचं मापही अनवाणीच घेतलं गेलं. मग त्यांनी ऐटीत अकोल्याहून जाड तळाचे बूट आणले. बूट पेडलवर टेकवले की गुडघे डॅशबोर्डात, गुडघे सोडवले की बूट पेडलच्या खाली!

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "भाऊ, पाय तरी ठेवा नाई तं बूट तरी. चौघाईची जागा नाई."

विमान जमिनीवर पायाने वळतं. डावं पेडल दाबलं की डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. भाऊजी एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. एकदा आम्ही गोदामातच मागून ढकलत होतो, समोर भिंत आली, त्यांनी सवयीने डावा पाय खच्चून दाबला. विमान थेट कापसाच्या ढिगात! भाव नव्हता म्हणून कापूस तिथेच पडून होता, म्हणून विमान वाचलं.

"क्लच तं दाबला होता, मंग वळलं कावून?"

"भाऊजी, याले क्लच नाई. अन् घंटीची वाटही पाहू नका!"

मग सीट टोचते म्हणून कुरकुर. नोकरीत कंबर गेलेली त्यांची. मी त्याच ढिगातला कापूस भरून गादी शिवली, खाली आणि पाठीला. कापसाला कोणी विचारत नव्हतं, मग मी कशाला हात आखडू? गादी अशी गच्च झाली की भाऊजी वीतभर पुढे आले. गादी काढली तर कंबर बोंबलते, ठेवली तर गुडघे!

तर त्या दिवशी भांडण इथवर आलेलं.

"पेडल तरी पुढं सरकवा!"

"पुढं इंजिन हाय."

"मंग सांगाडा कापा. लांब करा. पन फेरी मीच मारीन!"

रशीदभाईंनी पाना खाली आपटला. "मी जोडलेलं मी नाई कापनार. भाभी, मी चाललो चांदूरले. इमान राहू द्या कोंबड्या कोंडाले!"

ते खरंच निघाले. मी त्यांचा रस्ता अडवला आणि दोघांनी मिळून भाऊजींना ओढून बाहेर काढलं. बूट आतच राहिले. ते मी काढून त्यांच्या हातात दिले.

मग नऊवारीचा काष्टा आवळला आणि चढले. माझं माप कोणी घेतलंच नव्हतं. पाठीला माझीच गादी. अनवाणी डावा पाय पेडलवर ठेवून दाबला. शेपटीचं पातं डावीकडे गेलं. उजवा दाबला; उजवीकडे आलं. गुडघ्यांपुढे हात फिरेल एवढी जागा!

रशीदभाई मागे फिरले. त्यांनी वाकून पेडलं पाहिली, माझे पाय पाहिले आणि पाना खिशात घातला.

"वैनी," भाऊजी हातातले बूट हलवत म्हणाले, "पन इमान तं माह्या मापाचं..."

मी म्हटलं, "भाऊजी, बाहेर उभेच आहा, तं पंखा फिरवून द्या!"