लखनौ: गंजिंग, मक्खन मलाई आणि मामीची खुर्ची

लखनौला मी इमामबाडा बघायला गेले, असं स्टाफरूममध्ये सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत बाकीच्या शिक्षिका माहेरी नाहीतर महाबळेश्वरला जायच्या. मी सांगलीहून एकटी उठून उत्तर प्रदेशात निघाले म्हटल्यावर त्यांना काहीतरी ऐतिहासिक कारण देणं भाग होतं. खरं कारण माझी मामी. बाथरूममध्ये पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, त्याला दोन वर्षं होत आली होती. मामा फोनवर दर वेळी "एकदम फर्स्ट क्लास आहे" म्हणायचे, आणि ही फर्स्ट क्लास बाई फोनवर काही येत नसे.

हे सगळं नव्वदच्या दशकातलं. त्यामुळे भाडी आणि हॉटेलं माझ्या भरवशावर ठरवू नका. एवढं मात्र आजही सांगेन: नोव्हेंबरात जा आणि मुंबईहून सुटणारी गाडी धरलीत तर अंगावर घ्यायला काहीतरी हाताशी ठेवा. भोपाळपर्यंत आपण पंख्याखाली घामाघूम असतो आणि झाशीला समोरची बाई स्वेटर चढवते तेव्हा आपलं पांघरूण बर्थखाली, सर्वांत आतल्या बॅगेत असतं. कानपूर सुटलं की अख्खा डबा सामान घेऊन दारात उभा राहतो. लखनौ अजून बरंच लांब असतं. 'पहले आप' म्हणणारं शहर म्हणून मी अदबीने मागे थांबले आणि त्यामुळे सर्वांत शेवटी उतरले.

चारबाग स्टेशन बाहेरून राजवाड्यासारखं दिसतं. मामा माकडटोपी घालून फलाटावर उभे होते. रेल्वेत इंजिनिअर होते ते. उभा जन्म पूल बांधण्यात गेला. निशातगंजला त्यांच्या घरी जाताना काळा धूर ओकणाऱ्या टेम्पोत आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. गोमतीच्या पुलावर त्यांनी मला नदी दाखवली नाही. "एक्स्पान्शन जॉइंट बघ कसे ठेवलेत. ऐक, आवाज ऐक," म्हणाले. मी ऐकला. टेम्पोत दुसरं काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच.

घर तळमजल्यावर होतं. पण पाणी शिरू नये म्हणून जोतं उंच घेतलेलं आणि दारापासून गल्लीपर्यंत उभ्या, अरुंद पायऱ्या. मामी खिडकीशी बसली होती. भिंतीला धरून ती खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत जाई, तिथून परत खिडकीशी. दाराबाहेर दवाखान्याशिवाय पाऊल नाही, आणि तेव्हाही मामा आणि शेजारचा मिश्रा मिळून तिला उचलून रिक्षात ठेवायचे.

"टेम्पररी आहे गं," मामा म्हणाले. "ऍक्च्युअली ती एक्सरसाइज करत नाही."

"दोन वर्षं टेम्पररी," मामी म्हणाली. "ह्यांचे तात्पुरते पूलसुद्धा एवढे टिकले नसतील. बस शैला, सब्जी गरम करते. मटार आलेत बघ, कसे गोड आहेत."

"मामी, चाकांची एखादी खुर्ची घेऊन टाकायची ना," मी म्हटलं.

मामांनी वर्तमानपत्र उचललं. "ती अपंग लोकांसाठी असते," ते पानाआडून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गल्ली पाहिली. बँकेतले, रेल्वेतले, सरकारी खात्यातले निवृत्त लोक ओळीने उन्हात बसलेले. मराठी घरं मोजकीच, पण म्हातारपण सगळ्यांचं एका भाषेतलं. मुलं बाहेर, गुडघे घरात. मामांचा मुलगा बंगळूरला. तो रविवारी फोन करून हिंदीत काळजी करी: "मम्मी, बाहर निकला करो यार, अच्छा लगेगा." काळजी दर आठवड्याला नेमाने यायची. तो स्वतः गणपतीला यायचा होता, तो दिवाळीलाही आला नव्हता.

इमामबाडा मी एकटीने पाहिला. भूलभुलैयात वाटाड्या जरूर घ्या. मी नको म्हटलं आणि बराच वेळ एकाच भिंतीचं कौतुक करत फिरले. परत आले तर घरात मराठी मंडळाचे अध्यक्ष बर्वेसाहेब चहा पीत होते. केंद्र सरकारातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले आणि अजून त्या पदावरून उतरलेले नव्हते. कुणा देणगीदाराने मंडळाला एक व्हीलचेअर दिली होती. रविवारी तिचं लोकार्पण होतं.

"वहिनींना स्टेजवर बसवू खुर्चीत," बर्वेसाहेब म्हणाले. "प्रातिनिधिक लाभार्थी म्हणून. फोटो दिल्लीच्या मंडळालाही जाईल."

मामांचं तोंड कडू झालं. पण बर्वेसाहेबांना नाही म्हणायची सवय गल्लीत कुणालाच नव्हती. मामी मात्र लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच की मला संशय आला. संध्याकाळी तिने माझ्याकडून कपाटातली मोरपंखी साडी काढून घेतली.

मंडळाचा हॉल जवळच्याच गल्लीत होता. पहिल्या मजल्यावर. पुन्हा लिहिते, कारण तिथे हे कुणालाच विचित्र वाटत नव्हतं: चाकाच्या खुर्चीचं लोकार्पण पहिल्या मजल्यावर होतं, आणि जिना असा की सडपातळ माणसालाही एक खांदा मागे घ्यावा लागे. जे वर चढू शकले ते खुर्ची बघायला आले. ज्यांना ती हवी होती ते खाली आपापल्या घरी राहिले. मामीला वेताच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. वळणावर कठड्याला तिचं कोपर घासलं, पण ती हूं की चूं करेना.

खुर्चीला झेंडूचा हार होता. सीटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं आणि वरून प्लॅस्टिक तसंच. नारळ फुटला. प्रमुख पाहुणे बँकेतले कुणी मोठे अधिकारी होते. त्यांनी खुर्ची चालते का हे बघण्यासाठी स्वतः बसून स्टेजवर एक फेरी मारली, त्याला टाळ्या पडल्या. मग बर्वेसाहेब ज्येष्ठांविषयी बोलले. खूप बोलले. पहिल्या रांगेतले दोन ज्येष्ठ त्यात झोपले.

शेवटी मामीला खुर्चीत बसवलं आणि फोटो निघाला.

"आता उतरा वहिनी," बर्वेसाहेब म्हणाले. "कव्हर घालून कपाटात ठेवायचीय. रंगबिंग जायला नको."

"कपाटात?" मामी म्हणाली. "कपाटाला काय झालंय?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

"नाही म्हणजे, गरजूंनी अर्ज करायचा. कार्यकारिणी विचार करेल."

"मग मी कोण?"

"तुम्ही प्रातिनिधिक."

मामीने दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरली. "मी उठत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, भाजीवाल्याशी बोलते तसाच होता. "मला दोन वर्षांत हजरतगंजच्या बाजारात जायला मिळालेलं नाही. आता बसलेय तर जाऊनच येते."

मामा ताडकन उठले. "कुसुम, तमाशा नको. लोक बघतायत."

"बघू देत ना. दोन वर्षं कुणी बघितलं नाही मला." मग तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुम्ही एवढ्या नद्या लोकांना पार करून दिल्यात. मला एवढा जिना उतरवून द्या."

मामा तसेच उभे राहिले. मला वाटलं आता हे निघून जाणार. मग त्यांनी माकडटोपी काढून खिशात कोंबली आणि साइटवर ओरडतात तसे ओरडले, "मिश्रा! इधर से पकड़ो. जोशी, तुम्ही मागे. बर्वे, बाजूला व्हा, रस्ता अडवताय!"

बर्वेसाहेबांना कुणी 'बर्वे' म्हटल्याचं लखनौत कुणाच्या स्मरणात नव्हतं. ते चक्क बाजूला झाले. खुर्ची हारासकट उतरली. मामा पुढे उलटे चालत होते, एक हात वर, "आहिस्ता... हाँ... डावीकडे घ्या, आता टेकवा." मी पर्स आणि मामीच्या चपला घेऊन मागे. वर हॉलमध्ये बर्वेसाहेबांना तीन-चार माणसांनी गाठलं होतं. प्रत्येक जण हळू आवाजात विचारत होता, अर्ज कुठे मिळतो. प्रत्येकाला खुर्ची शेजाऱ्यांसाठी हवी होती.

त्या संध्याकाळी गंज काही झालं नाही. नुसतं घरापर्यंत जाण्यातच सगळे दमले. पुढची छोटी चाकं गल्लीतल्या प्रत्येक खड्ड्यात आडवी व्हायची. सकाळी बर्वेसाहेब दोन सभासदांना घेऊन दारात. नियम म्हणजे नियम, खुर्ची परत द्या, मग रीतसर अर्ज करा. मामी काही बोलायच्या आत मामांनी खुर्ची घडी करून त्यांच्या हातात दिली. हारही दिला.

मामी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला मामांचा असा राग आला की मी त्यांच्याशी बोलले नाही.

"चप्पल घाल," ते मला म्हणाले. "चौकात जायचंय."

लखनौचा चौक म्हणजे जुनं शहर, आणि थंडीच्या सकाळी तिथे मक्खन मलाई मिळते. पिवळसर फेस, वर पिस्ते, तोंडात घातला की काही खाल्लंय की नाही हेच कळत नाही. बर्वेसाहेबांच्या मंडळाच्या कामासारखी. पण चव मात्र आयुष्यभर राहते, ऊन चढायच्या आत जाऊन खाच. मामांनी मला ती खाऊ घातली आणि पुढे मेडिकल कॉलेजच्या बाजूला सर्जिकलच्या दुकानांच्या ओळीत नेलं. कुबड्या, पट्टे, गरम पाण्याच्या पिशव्या, आणि आत कोपऱ्यात एकच व्हीलचेअर.

"इसकी बहुत माँग है बाबूजी," दुकानदार म्हणाला. "पहले अस्पताल वाले ले जाते थे. अब घर-घर से आते हैं. लेकिन मज़े की बात, अपने लिए कोई नहीं लेता. सब कहते हैं पड़ोसी के लिए चाहिए. आपको किसके लिए?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बीवी के लिए," ते म्हणाले. मग दुकानदाराने विचारलेलं नसताना पुढे म्हणाले, "उनको हज़रतगंज घूमना है."

दुकानदार हसला नाही. त्याने खुर्ची बाहेर काढली. मामांनी तिची चाकं, नट, ब्रेक एवढ्या बारकाईने तपासले की तिच्यावरून मालगाडी जायची असावी. येताना ती सायकलरिक्षाच्या मागे दोरीने बांधली आणि मामा सबंध वाटभर मान मागे वळवून बसले होते.

हजरतगंजमध्ये नुसतं रमतगमत फिरायला लखनौवाले 'गंजिंग' म्हणतात. मामीने ते दुसऱ्याच दिवशी केलं. दुकानांपुढचे लांब व्हरांडे गुळगुळीत आहेत, चाकं सुंदर पळतात; मध्ये पायरी आली की मात्र आजूबाजूचं अर्धं शहर उचलायला येतं आणि उरलेलं अर्धं सल्ला द्यायला. मामीने टोकरी चाट खाल्ली. बटाट्याची टोपली, तिच्यात दही, चटणी, डाळिंब. मोरपंखी साडीवर दही सांडलं. चिकनच्या भरतकामाच्या दुकानात तिने दोन वर्षांची साठलेली घासाघीस एका कुर्त्यावर काढली. दुकानदार शेवटी म्हणाला, "माताजी, आप रोज़ न आइएगा." तिला त्या वाक्याने इतकं बरं वाटलं की तिने कुर्ता त्याच्याच भावात घेतला.

"अहो, जरा जोरात ढकला," ती मामांना म्हणाली. "ते पुढचे म्हातारे आपल्या पुढे चाललेत."

मामांनी ढकलली. लोक बघत होते. मामा ताठ मानेने चालत होते, मात्र कान लाल झाले होते.

निघायच्या दिवशी मामा आणि मिश्राने खुर्चीसकट उतरवलेली मामी पायऱ्यांखाली गल्लीत बसली होती, उन्हाच्या ओळीत. मला टाटा करायला आणि त्याहून जास्त मिश्राच्या सुनेशी बोलायला. पुढे ती बरीच वर्षं जगली. मामा फोनवर 'फर्स्ट क्लास' म्हणायचं थांबले, आता तक्रारी सांगायचे: ही रोज बाहेर पडते, माझे पाय दुखतात.

सांगलीत परतल्यावर स्टाफरूममध्ये चिकनचे रुमाल वाटले, इमामबाड्याचं वर्णन केलं. मग एका दुपारी निवृत्त मुख्याध्यापिका लेलेबाईंकडे त्यांचा रुमाल द्यायला गेले. बाई कित्येक वर्षांत शाळेत फिरकल्या नव्हत्या. आम्ही सगळे म्हणायचो, बाईंचं मन आता परमार्थाला लागलंय. त्यांनी मला बसवून घेतलं आणि गेल्या संमेलनात कुठली नाटुकली झाली, पेटी कोणी वाजवली, पडदा अजून मधेच अडकतो का, असं सगळं खोदून खोदून विचारलं. परमार्थाचा विषय निघाला नाही. निघताना दारापर्यंत यायला त्या उठल्या आणि टेबल धरून तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा लक्षात आलं, आमच्या शाळेचा हॉल वरच्या मजल्यावर आहे.

मी नव्या मुख्याध्यापकांना सांगितलं, यंदा संमेलन खाली पटांगणात घेऊ. ते म्हणाले, बघू. नंतर म्हणाले, मांडवाचा खर्च कोण देणार. विषय मिटला असं मी धरून चालले होते.

पण त्या वर्षी संमेलन पटांगणातच झालं. प्रमुख पाहुण्यांचे गुडघे दुखत होते. लेलेबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि पडदा मधेच अडकला तेव्हा सगळ्यांत आधी त्याच हसल्या.